खिडकीबाहेरचं हॅलोविन

आमच्या शेजारणीच्या फ्रिजवर त्या वर्षी माझं नाव लावलेलं होतं. साल २००९, स्वाइन फ्लूची साथ. सरकारनं घरोघरी एक पत्रक टाकलं होतं आणि त्यात लिहिलं होतं की प्रत्येकानं आपला एक ‘फ्लू फ्रेंड’ ठरवून ठेवावा. म्हणजे आपण आजारी पडलो तर आपल्या वतीनं जाऊन गोळ्या आणील आणि दारात ठेवील असा माणूस. शेजारणीनं त्या पत्रकावर माझं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मांजराच्या आकाराच्या मॅग्नेटखाली तो कागद लावून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. मला ते फार आवडलं होतं.

लीड्समधलं आमचं घर सेमी-डिटॅच्ड होतं, दोन घरांत एक भिंत. भिंतीपलीकडे ती एकटीच राहायची. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी. शाळा सुटल्यावर कपड्यांच्या फॅक्टरीत शिरली ती फॅक्टरीला टाळं लागेपर्यंत पुरुषांचे कोट शिवत राहिली. कापडाची धूळ आणि सिगारेट या दोघींनी मिळून तिच्या फुप्फुसांचं वाटोळं केलं होतं. श्वासासाठीचे दोन रंगांचे दोन पंप कायम एप्रनच्या खिशात, जिना चढताना मध्ये एक विसावा, आणि भिंतीतून येणारा खोकला. माझा नवरा डॉक्टर, शहरातल्याच एका हॉस्पिटलात. तो खोकला ऐकला की म्हणायचा, “हिला या विंटरला जपायला पाहिजे. हिला फ्लू झाला तर निभावणार नाही.” हे तो माझ्यादेखत एकदा नाही, पाच-सहा वेळा म्हणाला होता. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्यानं ठेवलेली नाही.

तिची नि माझी मैत्री डब्यावरून झाली. आम्ही राहायला आलो त्या वर्षीच्या दिवाळीत मी तिला बेसनाचे लाडू दिले होते, माझ्या आईचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून. दोन दिवसांनी तिनं डबा लख्ख घासून, पुसून, रिकामा परत आणला. असं दोन-तीनदा झाल्यावर मी तिला हसत हसत सांगितलं की आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसेल घरात तर चिमूटभर साखर घालायची. ती एवढी ओशाळली की मलाच कसंतरी झालं. पण त्यानंतर आमचा डबा कधी रिकामा आला नाही. कधी तिच्या परसातल्या शेंगा, कधी बिस्किटं, एकदा माझ्या लेकीसाठी विणलेले हातमोजे. एकदा तर खरंच चार चमचे साखर घालून आणली आणि म्हणाली, “साखर चालते असं तूच म्हणाली होतीस, लव्ह.”

माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. तिनं शेजारणीला ‘नेक्स्ट-डोअर आजी’ करून टाकलं होतं. सख्ख्या आज्या भारतात, वर्षा-दोन वर्षांनी दिसणाऱ्या. ही रोज कुंपणावरून दिसायची. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिकडे. फ्लूची साथ वाढायला लागली तसं नवऱ्यानं ते जाणं बंद करायला लावलं. “शाळेतली पोरं म्हणजे फ्लूची कारखानदारी आहे,” तो म्हणाला. तेव्हापासून दोघींचं बोलणं कुंपणावरूनच चालायचं, ही अलीकडे स्टुलावर उभी आणि ती पलीकडे कपडे वाळत घालताना.

त्या कुंपणावरच वटवाघूळ ठरलं. हॅलोविनला लेकीला वटवाघूळ व्हायचं होतं. दुकानातला पोशाख आणायचा नाही, तो मी शिवणार, असं शेजारणीनं जाहीर केलं. कुंपणावरूनच टेप टाकून मापं घेतली. मग महिनाभर भिंतीतून खोकल्याबरोबर शिलाई मशीनचा आवाज यायचा. काळं अस्तराचं कापड, पंखांना छत्रीच्या काड्या, टोपीला दोन कान. लेक रोज विचारायची, झालं का, आणि ती रोज सांगायची, अजून एक पंख राहिलाय.

हॅलोविनचं मला स्वतःला काडीचं कौतुक नव्हतं. आमच्याकडे तिन्हीसांजेला भुताचं नाव काढलं तर पाठीत धपाटा बसायचा. इथे तिन्हीसांजेला भुतं होऊन लोकांच्या दारात चॉकलेट-गोळ्या मागत हिंडायचं. पण लेकीसाठी दरवर्षी जात होते. त्या वर्षी प्रश्न पडला, जायचं का? शाळेनं एक गुळमुळीत पत्र पाठवलं होतं: पालकांनी आपापल्या विवेकानं ठरवावं, मुलांनी हात धुवावेत, एका भांड्यात सगळ्यांनी हात घालू नयेत. पुण्याहून नणंदेचे फोन यायचे. तिथे शाळा, थिएटरं बंद करून झाली होती, माणसं तोंडाला रुमाल बांधून हिंडत होती. तिनं कापूर आणि वेलदोड्याच्या दोन पुरचुंड्या कुरिअर केल्या, गळ्यात बांधायला. नवरा हसला, पण लेकीच्या गळ्यात बांधली तेव्हा काढ म्हणाला नाही. त्याच्या वॉर्डात त्या आठवड्यात एक तिशीची बाई व्हेंटिलेटरवर होती. घरी आला की आधी अंघोळ, मग बोलणं.

आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सप्टेंबरात लेकीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. आमंत्रण आलं होतं, भेटवस्तू आणून कागदात गुंडाळून झाली होती. आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी त्या मुलीची आई मला गाठून म्हणाली, “तुझा नवरा त्या फ्लूच्या पेशंटांबरोबर काम करतो ना?” मी हो म्हणाले. संध्याकाळी मेसेज आला की पार्टी आता फक्त घरच्यांपुरती ठेवली आहे. सोमवारी लेकीनं वर्गातल्या पंधराजणींच्या तोंडून त्या पार्टीचं वर्णन ऐकलं. ‘मान सांगावा जना, अपमान सांगावा मना’ असं माझी आई म्हणायची. मी मनाला सांगितला आणि तो मनात नासत राहिला.

हॅलोविनच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, शेजारणीनं मला कुंपणाशी बोलावलं. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. तिचा आवाज इतका खूश होता की माझ्या अजून कानात आहे. ती पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसणार. दिवा लावून ठेवणार. पोशाख ती पिशवीत घालून आमच्या पायरीवर ठेवील. गोळ्या सगळ्या वेष्टनातल्या, हातमोजे घालून वाडग्यात भरील, तो वाडगा बाहेरच्या बुटक्या भिंतीवर ठेवील आणि आत जाऊन दार लावून घेईल. मग लेकीनं यायचं, वाडग्यातून घ्यायचं आणि खिडकीसमोर एक गिरकी मारायची.

“मी आतून बघीन,” ती म्हणाली. “माझी छाती ही अशी. तुझा नवरा पण हेच म्हणेल. आणि तिला काय, मजाच वाटेल.”

मी “फाइन” म्हणाले आणि घरात आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

माझं लहानपण नगर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या एका गावात गेलं. वडील कारखान्यात कारकून. कॉलनीच्या कडेला आमची खोली होती, कुणाच्या शेजारी कोण राहणार हे जेव्हा जातीवर ठरायचं त्या काळातली कड. कॉलनीतल्या एका साहेबांच्या बायको दर दिवाळीला आम्हाला फराळ द्यायच्या. ताट बाहेरच्या पायरीवर ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायच्या आणि मग म्हणायच्या, “घ्या.” माझी आई वाकून ते उचलायची. कधी ताटाला दोघींचे हात एकावेळी लागले नाहीत. आईचा हट्ट असा की ताट रिकामं जाणार नाही. घरात रात्र रात्र बसून केलेल्या चकल्या ती त्या ताटात रचायची आणि मला द्यायला पाठवायची. मी आठ वर्षांची असताना एकदा ताट पायरीवर ठेवून परत निघाले आणि का कोण जाणे, घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. बाईंनी चकल्या म्हशीच्या घमेल्यात ओतल्या. मग ताट राखेनं घासलं, एकदा घासून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा घासलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, आवडल्या का गं? मी म्हणाले, हो, माझ्यासमोरच खाल्ल्या.

तर असं वाडगा ठेवून मागे सरणं मला माहीत होतं. लीड्सच्या त्या बिचारीला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, “व्हेरी सेन्सिबल. मीच सुचवायला हवं होतं.”

“माझी मुलगी कुणाच्या खिडकीबाहेर उभी राहून गोळ्या उचलणार नाही.”

“अगं, ती तिच्या लंग्जसाठी म्हणतेय. तुझ्या आईच्या ताटाशी काय संबंध?”

त्यानं बरोबर तिथेच बोट ठेवलं, त्यामुळे मी जास्त चिडले. त्याचं बालपण मुंबईत सरकारी कॉलनीत गेलं. त्याला काय कळणार, असं मी त्याला ऐकवलं. महिनोन्‌महिने तिच्या घरात डबे नेऊन दिले, तिच्यासाठी बाजार केला, आणि आज आम्ही घरात घेण्यासारखे नाही? त्या पार्टीवालीत नि हिच्यात फरक काय? तो थकलेला होता. “तुझं तू बघ,” म्हणाला, “पण आत जाऊ नका,” आणि जेवायला बसला.

शुक्रवारी सकाळी मी कुंपणाशी गेले आणि शेजारणीला सांगितलं की या वर्षी आम्ही हॅलोविन करत नाही आहोत. साथ आहे, उगीच धोका कशाला. चेहरा मात्र असा केला होता की खरं कारण तिला कळावं. हे मला चांगलं जमतं, माझ्या माहेरच्या सगळ्या बायकांना जमतं. तिच्या हातात ती टोपी होती. एका कानाला टाचण्या लावलेल्या होत्या. ती म्हणाली, “बरोबर आहे, लव्ह. तुम्हाला जे सेफ वाटेल ते.” आणि आत गेली.

त्या दिवशी भिंतीतून मशीनचा आवाज आला नाही. लेक शाळेतून आल्यावर मी तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. मग म्हणाली, “बट आजीने विंग्ज केला ना माझ्यासाठी?”

संध्याकाळी पाचच्या सुमाराला बेल वाजली. शेजारीण पायरीवर उभी होती, पिशवी घेऊन. दहा पावलं चालून आली होती तरी धाप लागलेली.

“मी तुला दुखावलं,” ती म्हणाली. “काय ते मला कळलं नाही, पण दुखावलं.”

मी नाही, नाही, असं काही नाही म्हणाले.

“उद्या तुम्ही आतच या. तुम्ही दोघीच. पाच मिनिटं. तिनं हे घातलेलं मी बघितलंच नाही तर शिवलं कशाला?”

तेव्हा मला वाटलं, मी जिंकले. अगदी हाच शब्द मनात आला होता. म्हातारीला माणुसकीवर आणलं, असंही मनात आलं.

शनिवारी सकाळी लेक दोनदा शिंकली. घसा ‘स्क्रॅची’ आहे म्हणाली. मी हळद घालून दूध दिलं. कपाळाला हात लावला, कोमट वाटलं, पण नुकतीच पांघरुणातून उठलेली होती. थर्मामीटर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होता. मी तो काढला नाही. त्या क्षणी मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा हिशेब मी तेव्हापासून मांडत आले आहे आणि तो कधी माझ्या बाजूनं लागत नाही. ताप निघाला असता तर जाता आलं नसतं, आणि न जाणं म्हणजे खिडकी मान्य करणं. नवरा ड्यूटीवर होता. त्याला मी फोन केला नाही.

घड्याळं आदल्या रविवारीच मागे गेली होती, त्यामुळे पाचला काळोख. रस्त्यावर दरवर्षीसारखी गर्दी नव्हती, दोन-तीन घरांपुढेच भोपळे दिसत होते. मी लाल ओढणी घेतली आणि दिवाळीचे उरलेले सहा लाडू आईच्या डब्यात भरले. लेकीच्या पाठीवर पंख, गळ्यात कापराची पुरचुंडी. आम्ही दहा पावलं चालून शेजारच्या दाराशी गेलो.

तिनं खिडकीशी टाकलेली खुर्ची तशीच होती. गॅसची शेगडी पेटलेली, खिडक्या बंद, खोलीत गरम, कोंदट वास. लेकीनं मधोमध उभं राहून गिरकी घेतली आणि शेजारीण टाळ्या वाजवत हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. एक पंख खाली ओघळत होता. “थांब, थांब,” म्हणत ती लेकीपुढे गुडघ्यांवर बसली, टाचण्या ओठांत धरल्या आणि पंख नीट करायला लागली. दोघींची तोंडं वीतभर अंतरावर. लेकीला खोकल्याची उबळ आली. सात वर्षांचं पोर, दोन्ही हात पंखांत अडकलेले. ती सरळ शेजारणीच्या तोंडावर खोकली. शेजारणीनं मान वळवली नाही. ओठांत टाचण्या होत्या, हातांत पंख होता, वळवली असती तर पकड सुटली असती.

मी बघत होते. “तोंडावर हात धर,” एवढं म्हणाले.

पाच मिनिटं म्हणून गेलो होतो, अर्धा तास बसलो. तिनं लाडू खाल्ला, लेकीला मांडीवर घेतलं, मी फोटो काढले. निघताना मी डबा तिथेच ठेवला. दारात तिनं लेकीच्या कपाळाचा पापा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ही गरम लागतेय गं.”

“शेगडीपाशी बसली होती ना,” मी म्हणाले.

रविवारी दुपारी लेकीला ताप भरला, एकशे तीन. नवऱ्यानं बघितलं, फ्लूच्या हेल्पलाइनला फोन केला, गोळ्या आणल्या. मला विचारलं, “काल आत गेला होतात?” मी हो म्हणाले. तो कोट चढवून शेजारी गेला आणि दारातूनच तिला सांगून आला की जरा काही वाटलं तर लगेच फोन करा. लेक चार दिवसांत खडखडीत बरी झाली.

मंगळवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “तू माझी फ्लू फ्रेंड आहेस ना?” ती म्हणाली.

मी गोळ्या आणायला गेले. हेल्थ सेंटरच्या मागच्या दाराशी चार माणसं रांगेत उभी होती, सगळी दुसऱ्या कुणासाठी आलेली. माझा नंबर आल्यावर काउंटरवरच्या बाईनं विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मी म्हणाले, शेजारी. परत येऊन पाकीट तिच्या बुटक्या भिंतीवर ठेवलं, बेल वाजवली आणि मागे सरून फाटकापाशी उभी राहिले. दार उघडलं, हात बाहेर आला, पाकीट आत गेलं. मग ती खिडकीत आली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, ओठ निळसर. मला बघून तिनं एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. गिरकी. पोरगी कशी आहे, विचारत होती. मी अंगठा दाखवला. तिनं मान हलवली आणि पडदा ओढून घेतला.

तिनं सांगितली होती ती खिडकी हीच. मी तिथे दोन मिनिटं उभी राहिले असेन. काचेत फक्त मी दिसत होते आणि माझा कसलाही अपमान होत नव्हता.

गुरुवारी अॅम्ब्युलन्स आली. माझ्या नवऱ्याच्याच हॉस्पिटलात नेलं. तो रोज तिच्या वॉर्डात जाऊन यायचा आणि घरी येऊन अंघोळीला जायचा, आणि मी बाथरूमच्या दाराशी उभी राहायचे. आधी “तशीच आहे” म्हणायचा. मग “मशीनवर घेतलंय.” नवव्या दिवशी “गेली” म्हणाला आणि ओल्या केसांनी पलंगाच्या कडेवर बसला.

“आपल्यामुळे?” मी विचारलं.

“सांगता येत नाही. दूधवाल्याकडूनही झाला असेल, दुकानातूनही.”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ‘आत जाऊ नका असं मी म्हणालो होतो’ हे वाक्य तो आजपर्यंत बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

महिनाअखेरीला तिची भाची हल शहरातून घर आवरायला आली. बरी बाई होती, घाईत होती. तिनं सांगितलं की दाराआड टपालाचा ढीग पडला होता, त्यात सर्जरीचं, म्हणजे तिच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं, पत्र होतं, फ्लूच्या लशीसाठी या म्हणून. मग पिशवीतून तिनं आमचा डबा काढला. झाकणाला सेलोटेप लावलेला होता.

“हा तुमचाच ना? वर काहीतरी तुमच्या भाषेत लिहिलंय. किटलीशेजारी होता. यात साखर ठेवत होती वाटतं मावशी. मी टेप लावून तसाच आणला.”

ती गेल्यावर मी टेप काढला. डबा घासलेला होता. तळाला साखर होती, चार-पाच चमचे. तिच्या साखरेची बरणी निळ्या झाकणाची होती, किटलीच्या डाव्या बाजूला असायची. मी तिच्याकडे शंभर वेळा चहा केला होता. श्वास लागत असताना, त्या रविवार ते गुरुवारात कधीतरी, तिनं उभं राहून आमचा डबा घासला होता, पुसला होता आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून साखर घातली होती.

आणि मी काय केलं ते लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते जंतू. डॉक्टरची बायको मी. तीन आठवडे बंद डब्यातल्या साखरेत फ्लू जिवंत राहत नाही हे मला कळत होतं. पण हात थांबले नाहीत. सिंकखालचे रबरी हातमोजे घातले. साखर कचऱ्याच्या पिशवीत ओतली, पिशवीला गाठ मारली, बाहेरच्या बिनमध्ये टाकून आले. मग डबा ब्लीचच्या पाण्यात बुडवला आणि घासला. एकदा घासून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा घासला. डबा निथळत ठेवला, आईचं नाव वर होतं, तेव्हा कारखान्यातल्या त्या बाई आठवल्या.

तेवढ्यात लेक शाळेतून आली. ओट्यावर डबा बघून तिचा चेहरा उजळला.

“आजीचा डबा! काय टाकला होता आत?”

खरं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, साखर कुठाय. बिन तिथून दहा पावलांवर होती.

“काही नाही,” मी म्हणाले. “रिकामाच होता.”

आता लेक नोकरीला लागली आहे, लंडनला एजवेअरमध्ये मैत्रिणींबरोबर राहते. ते वटवाघूळ तिच्या कपाटात आहे. त्या संध्याकाळचं तिला फक्त सुख आठवतं. दिवाळीला मी लाडू पाठवते, त्याच डब्यातून. तो कधी रिकामा येत नाही. चॉकलेटं येतात, टी-बॅग्ज येतात, एकदा माझ्यासाठी कानातले आले. आणि डबा परत देताना दरवेळी ती हसत हसत म्हणते, “बघ आई, मी एम्टी नाही दिली. आपला नेक्स्ट-डोअर आजीने लास्ट टाइम एम्टी दिला होता ना?” मग लगेच तिलाच वाईट वाटतं आणि ती त्या आजीची बाजू घेते. “पण शी वॉज सो इल. तिच्या लक्षातच नसेल राहिला.”

“हो,” मी म्हणते. “आजारी होती गं. विसरली असेल.”